हाताने गोधडी शिवायची आहे? आधी एक दुपटं शिवा

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या कपाटात सतरा सुती साड्या होत्या. धुवून धुवून इतक्या मऊ झालेल्या की हातात घेतल्या की सोडवत नसत. कुणाला द्यायला जीव होईना, म्हणून त्यांची गोधडी शिवायची ठरवली आणि पहिल्याच फटक्यात डबलबेडच्या मापाची मांडली. चार महिन्यांनी ती अर्धी उसवावी लागली. मधले थर आत सरकून गोळा झाले होते आणि मागच्या अस्तराला जागोजागी चुण्या पडल्या होत्या. त्यानंतर मी भाचीच्या बाळाच्या बारशासाठी एक छोटं दुपटं शिवलं. ते पूर्ण झालं, आणि गोधडी कशी शिवायची ते मला त्या दुपट्याने शिकवलं.

शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाला हेम घातल्यानंतर ज्यांनी सुई हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मशीन लागत नाही. लागतात ते जुने सुती कपडे, रोजचा तासभर आणि जमिनीवर एक चटई पसरेल एवढी मोकळी जागा. मुंबईच्या घरात सगळ्यात अवघड मिळते ती हीच जागा, पण त्यावरही उपाय आहे. तो पुढे सांगते.

दुपट्याचं माप धरू या 36 इंच बाय 42 इंच. सहा-सहा इंचांचे चौकोन, आडवे सहा आणि उभे सात, म्हणजे एकूण 42. यात गोधडीचं सगळं काम येतं, पण ते दोन महिन्यांत संपतं. पहिलं काम संपणं फार महत्त्वाचं आहे. अर्धवट पडलेल्या गोधडीची पिशवी माळ्यावर गेली की ती खाली येत नाही.

काय काय लागेल

- वरच्या चौकोनांसाठी सुती कापडाचे तुकडे, पाच-सहा वेगवेगळ्या रंगांचे
- अस्तर आणि आतले थर यांसाठी एक जुनी सुती सहावारी साडी
- सुया: चौकोन जोडायला बारीक, थर शिवायला थोडी जाड. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा
- सुती रीळ जोडकामासाठी, आणि वरच्या धावदोऱ्यासाठी (सुई वर-खाली काढत घातलेले साधे सरळ टाके) अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या किंवा जाड सुती दोरा
- अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी), टाचण्या, पेन्सिल, पट्टी
- कापडाची कात्री. तिने कागद कापायचा नाही, घरातल्या कुणालाही कापू द्यायचा नाही
- साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म
- मेणबत्तीचा तुकडा

अंगुस्तान पहिल्या दिवशी बोटात अडचण वाटतं आणि आपण ते बाजूला ठेवतो. तसं करू नका. चार थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाच्या टोकाला भोक पडायला दोन दिवस पुरतात, आणि मग आठवडाभर सुई धरवत नाही.

1. कापड गोळा करा, पण पारखून

आधी घरातलं कपाट उघडा. जुने कुर्ते, सुती शर्ट, परकर, उशीचे अभ्रे. हळदीकुंकवाला आणि ओटीत मिळालेले ब्लाउजपीस तर प्रत्येकीकडे साठलेले असतात. एका ब्लाउजपीसमधून सहा इंची वीसेक चौकोन निघतात. मात्र इथेच पहिला सापळा आहे. त्यातले बरेचसे ब्लाउजपीस दिसायला सुती असले तरी त्यांत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. असं कापड घाम शोषत नाही, इस्त्रीखाली आक्रसतं आणि सुतीच्या शेजारी शिवलं की धुतल्यावर वेगळंच वागतं.

ओळखायची रीत सोपी आहे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला की ते कापड बाजूला ठेवा. जवळ पाणी असू द्या आणि लगेच बोट लावू नका.

गल्लीतल्या शिंप्याकडे चिंध्या मागायला संकोच करू नका. ब्लाउज शिवून उरलेली कातरण बहुतेक शिंपी आनंदाने देतात. विकत घ्यायचंच असेल तर दादर पूर्वेला हिंदमाताच्या दुकानांत किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये सुती कापड मीटरवर मिळतं. सुया, रिळं, लेस यांसाठी भुलेश्वर. मंगलदास रविवारी बंद असतं. आणि पावसाळ्यात जोराची सर चालू असताना हिंदमाताला जायला निघू नका, तिथे पाणी भरतं हे मुंबईत कुणाला वेगळं सांगायला नको.

आमच्या घरी कापडाला कधी तोटा नव्हता. सासरे 1982च्या संपापर्यंत लालबागच्या एका गिरणीत होते, तिथले कटपीस घरी यायचे. त्यातलं पॉपलिन अजून धड आहे. वरच्या चौकोनांना ते सुरेख बसतं, पण अस्तराला मी ते वापरून पाहिलं आणि पस्तावले. त्याची वीण इतकी घट्ट की प्रत्येक टाक्याला सुई अडते. नव्या चादरींचंही तसंच. हाताने शिवायच्या गोधडीला अस्तर जुन्या साडीचंच हवं.

साडीचा हिशोब असा: सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब आणि 45 इंच रुंद. काठ कापून टाका. काठात जरीची तार असेल तर ती बाळाला टोचते आणि सुईलाही अडवते. मग लांबीतून 46 इंचांचा एक तुकडा अस्तरासाठी आणि 44 इंचांचे दोन तुकडे आतल्या थरांसाठी. रुंदी अस्तराला 40 इंच ठेवा, आतल्या थरांना 38. काठ फार रुंद नसतील तर एवढी रुंदी आरामात निघते. अजून एक थर निघेल एवढी साडी उरते, पण पहिल्या दुपट्याला आत दोनच थर घाला. मुंबईच्या हवेला तेवढे पुरतात आणि सुई सहज आरपार जाते. साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग बघून घ्या आणि तो टाळून कापा.

2. सगळं आधी धुवा

नवं असो वा जुनं, प्रत्येक कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कात्रीखाली जाईल. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलं तर दुपटं पूर्ण झाल्यावर आटेल आणि चौकोन एकमेकांना ओढतील.

लाल, मरून आणि निळीचे रंग जास्त तपासा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात चोळा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा, आणि चौथ्या धुण्यानंतरही लागत असेल तर सरळ सोडून द्या. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. मी तेवढ्यावर विसंबले आणि एका लाल चौकोनाने भोवतीचे चार पांढरे चौकोन गुलाबी केले.

3. साचा करा आणि कापा

एक्स-रे फिल्ममधून बरोबर 6 इंचांचा चौकोन कापा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही चालतो, पण दहा-बारा वेळा पेन्सिल फिरली की त्याच्या कडा झिजतात आणि चौकोन हळूहळू लहान होत जातात. फिल्म झिजत नाही आणि तिच्यातून खालची नक्षीही दिसते.

साचा कापडाच्या उलट बाजूला ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारा. ही शिवायची रेघ. तिच्या बाहेर चारही बाजूंनी पाव इंच माया सोडून कापा, म्हणजे कापलेला चौकोन साडेसहा इंचांचा होईल. माया थोडी कमी-जास्त झाली तर बिघडत नाही, शिवायची रेघ मात्र काटेकोर हवी. शिवण्यासाठी सोडलेल्या जादा कापडाला आपल्या शिवणकामात माया म्हणतात. सासूबाई ती कधीच कंजुषीने सोडू देत नसत. जुनं कापड पाव इंचाच्या आतच उसवायला लागतं.

साचा ठेवताना त्याची एक कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर हवी. कापड वाया जाऊ नये म्हणून साचा तिरका ठेवायचा मोह होतो. तसा कापलेला तुकडा उरेब होतो, ताणला की लांबतो, आणि मग ओळीच्या ओळी वाकड्या होतात. अरुंद चिंधीतून चौकोन निघत नसेल तर दोन चिंध्या सरळ जोडा आणि मग साचा ठेवा. गोधडीत हे सर्रास चालतं.

4. मांडून बघा आणि फोटो काढा

42 चौकोन जमिनीवर मांडा. फार विचार करू नका. गडद आणि फिके आलटून पालटून, आणि एकाच छापाचे दोन शेजारी नकोत, एवढं सांभाळलं की पुरे. मोबाइलवर फोटो काढा. फोटोत एखादा रंग अंगावर येतो तो लगेच दिसतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मग प्रत्येक ओळीचे सहा चौकोन डावीकडून उजवीकडे एकावर एक ठेवून त्यांना टाचणी लावा आणि 1 ते 7 असे चिठ्ठीवर आकडे टाका. सात गठ्ठे, एका डब्यात. घरात जमीन मोकळी ठेवायची गरज इथे संपते ती थेट सहाव्या पायरीपर्यंत.

5. चौकोन जोडा

दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा. वरच्या रेघेतून टोचलेली टाचणी खालच्याही रेघेतूनच बाहेर यायला हवी, हे दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासा. मग रेघेवरून धावदोरा. इंचाला आठेक टाके असू द्या. सुरुवातीला आणि शेवटी एक-दोन उलटे टाके (सुई एक टाका मागे नेऊन घातलेले) घाला, नुसत्या गाठीवर भरवसा नको. दर दोन-तीन इंचांनी एक उलटा टाका घातला तर जोड कधी सुटत नाही.

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला की तो गुंततो, आणि गुंता सोडवण्यात ओवण्याच्या दसपट वेळ जातो. रिळाचं मोकळं टोक सुईत ओवा, कापलेल्या टोकाला गाठ मारा आणि दोरा एकदा मेणबत्तीवरून ओढून घ्या.

आधी सात ओळी तयार करा, मग ओळी एकमेकींना जोडा. पहिल्या ओळीच्या शिवणींची माया उजवीकडे दाबून इस्त्री करा, दुसरीची डावीकडे, तिसरीची पुन्हा उजवीकडे. ओळी जोडताना शिवणी एकमेकींत चपखल बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. प्रत्येक कोपऱ्यावर एक उलटा टाका हवाच, कारण ताण तिथेच येतो.

हे सगळं जोडकाम साधारण 11 मीटर धावदोऱ्याचं आहे, आणि ते कुठेही करता येतं. एक ओळ, सुई आणि रीळ चष्म्याच्या डब्यात मावतात. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन चौकोन जोडून होतात. लोकलमध्ये मी फक्त खिडकीची जागा मिळाली तरच सुई बाहेर काढते. गर्दीत कुणी उभं असेल तर नाहीच.

6. थर लावा आणि टाचा

माझी पहिली गोधडी बिघडली ती इथे. टाचण्या लावल्या की झालं असं मला वाटलं होतं. सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढी पायरी नीट करा.

खाट उभी करा, नाहीतर टीपॉय गॅलरीत ठेवा. तेही जमत नसेल तर सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत दुपारचे दोन तास मागून घ्या. फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलट बाजू वर करून पसरा, तळव्यांनी मधून बाहेर सपाट करा आणि चारही कडा फरशीला चिकटपट्टीने चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर सोडल्यावर ते परत आक्रसेल आणि चुण्या पडतील. त्यावर आतले दोन थर एकेक करून, प्रत्येक थर पुन्हा तळव्याने सपाट करत. आणि शेवटी मधोमध चौकोनांचा वरचा भाग, सुलट बाजू वर. अस्तर चारही बाजूंनी दोन इंच बाहेर दिसायला हवं. पंखा बंद करा, नाहीतर जुन्या साडीचे थर उडत राहतात. कोपऱ्यांवर जड डबे ठेवा.

आता वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा दोरा घ्या आणि मोठमोठे कच्चे टाके घाला, दोन-दोन इंचांचे. मध्यापासून सुरू करून चारी दिशांना, मग कोपऱ्यांकडे, आणि मग चार-चार बोटांच्या अंतरावर उभ्या-आडव्या ओळी. सगळं दुपटं जाळीसारखं दिसायला लागेल. कंटाळवाणं काम आहे, पाऊण-एक तास जातो आणि गुडघे दुखतात. पण यानंतर हे चारही थर एका कापडासारखे वागतात. दुपटं घडी करून उशीखाली ठेवलं, पुन्हा काढलं, मांडीवर घेतलं, तरी काही सरकत नाही. आणि खोलीही मोकळी होते.

चिकटपट्टी काढल्यावर दुपटं उलटून बघा. मागे एखादी चुणी दिसली तर ती आत्ताच, कच्चे टाके उसवून सरळ करा. पुढे ती कधीच सरळ होणार नाही.

7. धावदोरा घाला

गोधडीचं रूप येतं ते इथे. ओळींमध्ये दीड इंच अंतर ठेवलं तर या मापाला साधारण 25 मीटर धावदोरा लागतो. रोज एक-दोन मीटर होतात. रेघा आखायच्या असतील तर साबणाच्या वाळलेल्या चिपेने आखा, धुतल्यावर जातात. पेन नको, कोणतंच.

आपल्याकडच्या जुन्या बायका बहुतेक कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत आत येतात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी अशीच बाहेरून आत शिवतात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, त्यांना त्या फुला म्हणतात. ही पद्धत देखणी आहे, पण तिला हाताचा अंदाज लागतो. थोडंही जादा कापड पुढे ढकललं गेलं की ते मध्यावर येऊन फुगतं आणि तिथून त्याला वाट नसते. म्हणून पहिल्या दुपट्याला मधून सुरू करा आणि बाहेर जा. जादा कापड कडेने निघून जाईल. दुसऱ्या खेपेला कडेपासून करून बघा.

अँकरच्या लडीतले सहापैकी तीन पदर घ्या. गाठ दिसू नये म्हणून सुई वरच्या थरातून थोड्या अंतरावर घाला, जिथे पहिला टाका हवा तिथे बाहेर काढा आणि दोरा हलक्या झटक्याने ओढा. गाठ टक्कन आत जाते. दोरा संपतानाही तसंच, दोन छोटे उलटे टाके घालून टोक थरांत हरवून टाका.

प्रत्येक टाका अस्तरापर्यंत पोचतो आहे का ते डाव्या हाताच्या बोटाने खालून तपासत जा. सुईचं टोक बोटाला हलकं लागलं की सुई वर वळवा. सुरुवातीला इंचाला चार टाके झाले तरी पुष्कळ. लहान टाक्यांपेक्षा सारखे टाके डोळ्यांना बरे दिसतात, आणि सारखेपणा पहिल्या दोन-तीन ओळींनंतर आपोआप येतो. त्या पहिल्या ओळी उसवू नका. माझ्याही तशाच ठेवल्या आहेत.

दोरा ओढताना कापड आवळलं तर ओळ सुरकुतते. टाका बसला की अंगठ्याने ओळीवरून उलट दिशेने हात फिरवा, ताण सुटतो. आणि रात्री ट्यूबलाइटखाली गडद कापडावर गडद दोऱ्याने शिवू नका. ते काम दिवसा, खिडकीशी.

8. कडा बंद करा

आतले थर वरच्या भागाच्या बरोबरीने कापून घ्या, अस्तराला कात्री लागू देऊ नका. अस्तराचा बाहेर राहिलेला दोन इंचांचा भाग एक इंच आत दुमडा, पुन्हा एकदा दुमडून वरच्या चौकोनांवर आणा, टाचण्या लावा आणि बारीक हेम घाला. कोपऱ्यावर आधी अस्तराचं टोक तिरकं आत दुमडा, मग दोन्ही बाजू. तिथे जाड गोळा होत असेल तर आतलं थोडं कापड कापून टाका. आता कच्चे टाके काढा.

हे झालं की सुया आणि टाचण्या मोजा. काम सुरू करताना किती होत्या ते मी डब्याच्या झाकणावर लिहून ठेवते. एक जरी कमी भरली तर दुपटं बाळाजवळ जाणार नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक कापडावरून फिरवा आणि मग तळव्याने दाबून प्रत्येक चौकोन तपासा.

9. धुणं, वाळवणं, देणं

थंड पाणी, सौम्य साबण. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पहिलं धुणं ऑक्टोबर ते मे यांमध्ये येईल असं बघा. जुलैत चार थरांचं कापड तीन-तीन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास लागतो, तो मग जाता जात नाही. दोरीवर एकाच घडीने टाकू नका, दोन दोऱ्यांवर पसरा. कडक उन्हात गडद रंग उडतात म्हणून उलट बाजू उन्हाकडे ठेवा. ठेवणीत डांबरगोळ्या नकोत, सुकलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा.

बाळाच्या आईला देताना एक गोष्ट सांगा: दुपटं बाळाच्या खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, जमिनीवर पालथं पडून खेळायला. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये, ते तोंडावर येऊ शकतं.

आणि उरलेल्या कापडातले प्रत्येक छापाचे दोन-दोन तुकडे जपून ठेवा. पाच-सहा वर्षांनी एखादा चौकोन विरेल, तेव्हा तो उसवायचा नाही. त्याच छापाचा तुकडा कडा आत दुमडून त्यावरच ठेवायचा, हेमने बसवायचा आणि वरून पुन्हा धावदोरा. भाचीचा मुलगा आता शाळेत जातो, आणि त्याच्या दुपट्यावरचे तीन चौकोन मी असे बदलून दिले आहेत.